लिओनार्दोच्या स्केचवरून वाद्य बनवायचंय, तर आधी काय बनवायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरलाच मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलाला लिओनार्दो दा विंचीचं व्हायोला ऑर्गॅनिस्टा बनवायचंय. म्हणजे दिसायला पेटी किंवा पियानोसारखं, पण पट्टी दाबली की आत फिरणारं चाक तारेला घासतं आणि सारंगी-व्हायोलिनसारखा लांबणारा सूर निघतो. त्याने स्केचेस डाऊनलोड केलीत, कॅडमध्ये मॉडेल सुरू केलंय, आणि विचारतोय की मूळ मापं कुठे मिळतील, एकदम ६१ तारांचं करावं का, तारा स्टीलच्या घ्याव्या की तातीच्या (म्हणजे आतड्याच्या), चाक थ्रीडी प्रिंट चालेल का आणि फिरवायला मोटर लावू की पायडल.

शेवटच्या वर्षाला आहेस म्हणून एकेरीत बोलतो, राग मानू नको. मी नागपुरात बरीच वर्षं पेट्या, व्हायोलिन, दिलरुबा, सारंग्या दुरुस्त करून राहिलो आणि चाकावर वाजणारं, पट्ट्यांचं एक छोटं वाद्य स्वतः बनवलंय, सुरात वाजतं. त्या कामातून जे कळलं ते सांगतो, आणि बराचसा भाग "ते तुझ्याकडे काय आहे त्यावर अवलंबून" असाच असणार हे आधीच सांगून ठेवतो, कारण लाकूड कुठलं, लेथ कोणाचा, तू स्वतः वाजवतोस का, यावर निम्मे निर्णय बदलतात.

पहिली गोष्ट मापांची. मूळ मापं नाहीत भाऊ. हरवली असंही नाही, लिओनार्दोने ती कधी दिलीच नाहीत. त्याच्या वहीतली ही स्केचेस एका जागी नाहीत, काही मिलानच्या अँब्रोसियाना ग्रंथालयातल्या कोडेक्स अटलांटिकसमध्ये, काही पॅरिसच्या इन्स्टिट्यूट द फ्रान्समधल्या हस्तलिखित एचमध्ये आणि एक माद्रिदच्या राष्ट्रीय ग्रंथालयातल्या दुसऱ्या कोडेक्समध्ये (कोडेक्स म्हणजे हस्तलिखित वही), जो १९६० च्या दशकात पुन्हा सापडला. ती सगळी शेजारी ठेवून बघ, एकाच यंत्राची वेगवेगळी दृश्यं नाहीत ती. एकीकडे पुढेमागे जाणारा गज (व्हायोलिन घासतात ती केसांची कांडी) आहे, एकीकडे चाक आहे, एकीकडे गोल फिरत राहणारा पट्टा. माणूस विचार करतोय आणि विचार करताकरता आधीचा उपाय टाकून पुढचा काढतोय. त्याने हे वाद्य बनवल्याचा पुरावा नाही. त्यामुळे तू कॅडमध्ये जे काढशील ते तुझंच डिझाइन असणार, लिओनार्दोकडून तुला कल्पना मिळतेय आणि ती मोठी आहे, पण स्केल मिळत नाही.

आणि तुझ्या आधी हे लोकांनी केलंय, तेही बघून घे. न्यूरेंबर्गच्या हान्स हायडेनने १५७५ मध्ये चाकांवर वाजणारं पट्ट्यांचं वाद्य बनवलं, त्याला गायगेनवेर्क म्हणतात, त्याची चाकं धातूची होती आणि त्यांच्यावर राळ (तार पकडली जावी म्हणून लावतात तो चिकट पदार्थ) लावलेलं चर्मपत्र ताणलेलं होतं. त्याचं एकही वाद्य आज शिल्लक नाही, पण संगीतकार मायकेल प्रेटोरियसने १६१९ च्या सुमारास त्याचं वर्णन आणि चित्र छापलं म्हणून आपल्याला कळतं. स्पेनच्या रायमुंदो त्रुचादोने १६२५ मध्ये बनवलेलं मात्र ब्रुसेल्सच्या वाद्यसंग्रहालयात आहे. बर्लिनच्या होलफेल्डने अठराव्या शतकात असंच एक बनवलं आणि त्याच्यासाठी संगीतकार सी. पी. ई. बाखने १७८३ मध्ये सोनाटा लिहिला. आपल्या काळात जपानच्या आकिओ ओबुचींनी बनवली, आणि पोलंडचे पियानिस्ट स्लावोमिर झुब्झित्स्की यांनी तीनेक वर्षं खपून २०१२ मध्ये पूर्ण केलेलं सगळ्यात गाजलं. तू व्हिडिओ त्याचाच पाहिला असशील. त्यात ६१ स्टीलच्या तारा आहेत, घोड्याचे केस गुंडाळलेली चार चाकं आहेत आणि ती पायाने फिरतात. ही यादी एवढ्यासाठी सांगितली की या सगळ्यांनी वेगवेगळे उपाय काढलेत, आणि ते वेगळे का याचं कारण समजलं की तुला तुझं डिझाइन सुचेल.

तर खरा प्रश्न कुठला? माझ्या मते तो पेटीचा, पट्ट्यांचा, दिसण्याचा नाहीच. तो आहे तार आणि चाक जिथे एकमेकांना भेटतात त्या दोन-चार मिलिमीटरच्या जागेचा. तिथे सूर निघाला तर बाकीचं सुतारकाम आहे, वेळ लागेल पण होईल. तिथे सूर नाही निघाला तर बाकी कितीही सुंदर बनवलं तरी ते फर्निचर.

गजाने तार वाजते म्हणजे काय होतं ते एकदा नीट समजून घे. राळ लावलेले केस तारेला पकडून बाजूला ओढतात, एका टप्प्यावर तार सुटून परत जाते, पुन्हा पकडली जाते. सेकंदाला २२० वेळा हे झालं तर २२० हर्ट्झचा सूर. हे पकडणं-सुटणं व्यवस्थित चालायला दाब ठराविक मर्यादेतच लागतो. कमी पडला तर सूर फाटतो, सिटी वाजल्यासारखं होतं, जास्त झाला तर तार करकरते. आणि ही मर्यादा ठरते गज घोडीपासून, म्हणजे तार ज्या टेकूवर बसते त्याच्यापासून, किती लांब आहे त्यावर. घोडीपासूनचं अंतर निम्मं केलं तर लागणारा कमीत कमी दाब जवळपास चौपट होतो आणि चालणारा जास्तीत जास्त दाब फक्त दुप्पट, म्हणजे घोडीच्या जवळ गेलास की चुकायची जागाच राहत नाही. हे शेलेंग नावाच्या संशोधकाने १९७३ मध्ये नीट मांडलं, पण त्याच्या कितीतरी आधी हे काम आपल्याकडे झालंय आणि मला ते सांगायला फार आवडतं. सी. व्ही. रामन. नोबेल मिळालं ते प्रकाशाच्या कामासाठी, पण त्याआधीची त्यांची बरीच वर्षं तारवाद्यांवर गेली. कलकत्त्यात त्यांनी व्हायोलिन मशीनने वाजवायची सोय केली होती, गज जागच्या जागी आणि व्हायोलिन सरकतंय, आणि दाब, वेग, घोडीपासूनचं अंतर एकेक करून बदलत मोजमापं घेतली, ती १९२० मध्ये छापून आली. आणि हेच रामन १९१० मध्ये सरकारी हिशेब खात्याच्या नोकरीत आपल्या नागपुरात होते! तुझ्या कॉलेजच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये लिओनार्दोच्या शेजारी रामन यांचं नाव आलंच पाहिजे, कारण तुला जे करायचंय त्याच्या जास्त जवळ रामन यांचं मशीन आहे.

म्हणून माझं म्हणणं, ६१ तारांचं सोड, आधी एका तारेचं रिग, म्हणजे तपासणीपुरती साधी मांडणी, बनव. एक जाड फळी किंवा लोखंडी अँगल, दोन टोकांना दोन घोड्या, एक तार, एक चाक, त्याला स्पीड कमी-जास्त करता येईल अशी छोटी गिअर मोटर, आणि तारेला चाकाकडे दाबायला एक साधा लिव्हर ज्यावर तू वजनं ठेवू शकतोस. चाक घोडीच्या जवळ-लांब सरकवता आलं पाहिजे, ही सोय मात्र नक्की ठेव. एवढ्यात तुला सगळे आकडे मिळतात. व्हायोलिनवाला साधारण ५० ते १५० ग्रॅमच्या आसपास दाब देतो, तिथून सुरुवात कर. घोडीपासून तारेच्या लांबीच्या दहाव्या हिश्शावर चाक ठेव. वेगाचं म्हणशील तर २० सेंटीमीटर व्यासाचं चाक सेकंदाला एक फेरा मारलं की त्याची कड सेकंदाला साधारण ६३ सेंटीमीटर पळते, हा चांगल्या मोकळ्या गजाचा वेग झाला, निम्म्यावर आणलास तर संथ आलापाचा. याच्यामध्ये खेळत रहा आणि कान लावून ऐक.

आता चाकाबद्दल, कारण इथेच सगळ्यात जास्त वेळ जाणार आणि जाऊ दे. चाक खरं गोल पाहिजे, आणि गोल म्हणजे त्याच्या स्वतःच्या अॅक्सलवर, स्वतःच्या बेअरिंगमध्ये बसवल्यावर गोल. लेथवर गोल कापून आणलं आणि मग अॅक्सलवर बसवलं की सायकलच्या बकल झालेल्या चाकासारखं होतं, जरासंच, डोळ्याला दिसतही नाही, पण कानाला प्रत्येक फेऱ्याला व्वांव-व्वांव असं ऐकू येतं. हिशेब करून दाखवतो. ०.४ मिमीची स्टीलची तार, ६० सेंटीमीटर लांब, २२० हर्ट्झला लावली की तिच्यात साधारण ७ किलोचा ताण असतो. चाक घोडीपासून ६ सेंटीमीटरवर असेल तर ती तार अर्धा मिलिमीटर वाकवायला ६५ ग्रॅमच्या आसपास लागतात, म्हणजे दर ०.१ मिमीला १३ ग्रॅम. चाकाच्या कडेत ०.१ मिमीचा फरक असला तर दाब दर फेऱ्याला वीस टक्के हलला! म्हणून चाक अॅक्सलवर पक्कं करून मगच शेवटचा हात मारायचा, आणि डायल गेज (बारीक फरक मोजायचं काट्याचं माप) लावून बघायचं. हिंगणा एमआयडीसीत टर्निंगवाले हे करून देतात, पण त्यांना आधी नीट समजावून सांग की लाकडाचं चाक आहे, घाईने कट घेतला की उडतं.

थ्रीडी प्रिंट चाक? रिगसाठी हो, चालेल, कड नंतर टर्न करून घ्यायची या अटीवर. पण पीएलए प्लास्टिक साठ डिग्रीच्या आसपास मऊ पडायला लागतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात बंद गाडीच्या डिक्कीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये तेवढं तापमान व्हायला वेळ लागत नाही. पक्क्या वाद्यासाठी मी जाड प्लायचं चाक करतो आणि कडेवर गुळगुळीत लाकडाची पट्टी चिकटवतो. युरोपात हर्डी-गर्डी नावाचं चाकाचं वाद्य शेकडो वर्षांपासून आहे, त्यात चाक लाकडाचंच असतं, त्यावर राळ लावतात, आणि एक युक्ती त्यांच्याकडून घेण्यासारखी आहे : तार जिथे चाकाला लागते तिथे तारेवर थोडा कापूस गुंडाळतात. कापसाने सूर एकदम मऊ होतो, कोरडी खरखर जाते. रिगवर पहिल्या दिवसापासून हेच कर, घोड्याच्या केसांच्या मागे सुरुवातीला लागू नको.

घोड्याचे केस चाकावर बसवणं हे वेगळंच प्रकरण आहे. केस फिरण्याच्या दिशेने लागले पाहिजेत, आणि जिथे दोन टोकं जुळतात तिथे दर फेऱ्याला टक् असा आवाज येतो. तो घालवायला जोड तिरपा करावा लागतो आणि केस एकसारखे ताणावे लागतात, हे गजाला केस भरणाऱ्या माणसाकडून शिकल्याशिवाय येत नाही. तुला हायडेनचा मार्ग घ्यायचा असेल, चामड्याचा, तर नागपुरात तो सोपा आहे, तबला-ढोलकी मढवणाऱ्यांकडे पातळ बकरीचं चामडं मिळतं. जोड देताना दोन्ही कडा तासून एकावर एक घ्यायच्या आणि वरची कड फिरण्याच्या उलट दिशेला ठेवायची, म्हणजे तार तिला अडकत नाही, वरून घसरून जाते.

रिग वाजलं की पुढचं पाऊल एका सप्तकाचं, १३ तारांचं. आणि इथे तुला तो प्रश्न भेटतो ज्यासाठी लिओनार्दो चाकावरून पट्ट्याकडे गेला असावा असं मला वाटतं. चाक गोल आहे, तारा एका सरळ रांगेत आहेत. २० सेंटीमीटरच्या चाकावर मधली तार टेकली तर तिच्यापासून ४ सेंटीमीटर बाजूच्या तारेखाली चाक ८ मिमीपेक्षा जास्त खाली गेलेलं असतं. म्हणजे एकतर घोडी चाकाच्या गोलाईप्रमाणे वाकडी करून तारा कमानीत ठेवायच्या, जसं व्हायोलिनवर असतं, आणि प्रत्येक पट्टीने आपापली तार चाकाच्या मध्याकडे ओढायची. किंवा मग बरीच चाकं घेऊन प्रत्येकाला थोड्याथोड्याच तारा द्यायच्या. किंवा पट्टा. पट्टा सपाट आहे, सगळ्या तारांखालून एकाच उंचीवर जातो, कागदावर हा उपाय सगळ्यात सुंदर. प्रत्यक्षात पट्टा थरथरतो, मध्ये झोल खातो, जोड आवाज करतो, खालून त्याला आधार द्यावा लागतो आणि त्या आधाराला घासून पुन्हा आवाज. कोणी चांगला पट्टा करून दाखवला तर मला बघायला नक्की आवडेल, पण शेवटच्या वर्षाच्या वेळात तू कमानीची घोडी आणि एक चाक घे.

पूर्ण वाद्यात एकापेक्षा जास्त चाकं लागतात याचं आणखी एक कारण आहे. वरच्या सप्तकातली तार आखूड असते, १०४६ हर्ट्झच्या षड्जाला स्टीलची तार सोयीस्कर ताणात ठेवायची तर लांबी १७ सेंटीमीटरच्या आसपास येते, तिचा दहावा हिस्सा म्हणजे फक्त १.७ सेंटीमीटर, आणि चाकाची कडच एक सेंटीमीटर रुंद असेल तर करणार काय? म्हणून वरच्या तारांचं चाक अरुंद, खालच्यांचं रुंद, वेगही वेगळे. एकाच अॅक्सलवर वेगवेगळ्या व्यासाची चाकं बसवली तरी वेग आपोआप वेगळे होतात.

आता पट्टी दाबल्यावर तार चाकाला कशी भिडवायची. यात दोन गोष्टी संभाळ. एक, दाबणारा आकडा किंवा फासा तारेच्या वाजणाऱ्या लांब भागावर नको, तिथे तो आवाज मारतो, घोडी आणि चाक यांच्यामधल्या छोट्या भागात ठेव, घोडीच्या जितकं जवळ जमेल तितकं. दोन, तार वाकवली की ती ताणली जाते आणि सूर चढतो. आधीच्या हिशेबातल्या २२० हर्ट्झच्या तारेचं उदाहरण घे, ६ सेंटीमीटरवर दीड मिमी वाकवली तर सूर साधारण ११ सेंट (१०० सेंट म्हणजे अर्धा स्वर) चढतो, आणि ३ मिमी वाकवली तर दुप्पट नाही, चौपट, म्हणजे ४४ सेंट, अर्ध्या स्वराच्या जवळजवळ निम्मं! म्हणून तार चाकाच्या अगदी जवळ ठेवायची, अर्ध्या-पाऊण मिलिमीटरवर, आणि पट्टीचा खेळ लांब असला तरी लिव्हरने शेवटच्या टोकाचा खेळ छोटा करायचा, आणि मध्ये एक मऊ स्प्रिंग ठेवायची म्हणजे चाकाची उरलीसुरली असमानता ती खाऊन टाकते आणि बोटाचा दाब हळूहळू पोचतो.

पण या चढण्याकडे फक्त दोष म्हणून बघू नको. पेटीत बोटाने दाब कमी-जास्त केला तरी सूर हलत नाही, भाता हलवून आवाज लहान-मोठा होतो तेवढंच, आणि आकाशवाणीने १९४० पासून तीसेक वर्षं पेटी बंद ठेवली होती त्यामागे तिच्या या ताठ सुरांबद्दलची तक्रार मोठी होती. इथे मात्र पट्टी आत दाबली की आवाज वाढतो आणि सूरही किंचित हलतो, म्हणजे थोडं आंदोलन बोटाने देता येतं. मींड नाही येणार, ती अपेक्षा ठेवू नको. पण प्रत्येक सुराला स्वतःची तार असल्यामुळे कोमल गंधार तुला हवा तिथे लावता येतो, दरबारीचा वेगळा, तोडीचा वेगळा. मला या वाद्यात सगळ्यात जास्त जीव लागला तो याच्यामुळे. आमच्याकडे येणारे गवई लोक पहिल्यांदा ऐकताना विचारतात की आत सारंगी ठेवलीय का, आणि मग स्वतःच पट्टी हळूहळू दाबून बघत बसतात.

तारांचं उत्तर आता सोपं होईल. तात मऊ असते, वाकवल्यावर स्टीलच्या मानाने कितीतरी कमी चढते, आणि चाकावर तिचा आवाज गोड असतो, सारंगीवाले सांगतीलच. पण तात हवेतली ओल पिते. नागपुरात मे महिन्यात हवा कडकडीत कोरडी आणि जून-जुलैमध्ये एकदम दमट, त्या पंधरा-वीस दिवसांच्या बदलात तातीच्या तेरा तारा सुरात ठेवणं म्हणजे रोजचं काम. स्टीलचं वेगळं दुखणं आहे. लाकडी चौकटीवर स्टीलची तार असली की उन्हाने तार लांबते आणि लाकूड तेवढं लांबत नाही, सकाळी २८ डिग्रीला लावलेली तीच २२० हर्ट्झची तार दुपारी ४३ डिग्रीला ३५-४० सेंट उतरलेली सापडते. उपाय असा की चौकट लोखंडाची कर, मग तार आणि चौकट बऱ्याच अंशी सोबत लांबतात. तसंही ताणामुळे लोखंड लागणारच आहे, १३ तारा म्हणजे ९० किलोच्या आसपास ओढ, ६१ तारा म्हणजे ४०० किलोच्या वर. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी स्टील घे, कापूस गुंडाळ. जो घरात एसी लावून एकाच खोलीत वाद्य ठेवणार आहे त्याने तातीचा विचार जरूर करावा.

लाकडाबद्दल थोडं. तबलीला, म्हणजे आवाज देणाऱ्या वरच्या फळीला, पातळ आणि हलकं लाकूड पाहिजे, स्प्रूस मिळालं तर उत्तम, नाही तर मिरजेकडे सतार-तंबोऱ्याला वापरतात ते तून. बाजूच्या पेटीला सागवान घे, आणि नवं घेण्यापेक्षा जुन्या वाड्यांचं. नागपूरच्या महाल भागात वाडे पाडले की चौकटी-तुळया निघतात, लकडगंजात विचारत फिरलास की असं जुनं सागवान मिळतं, त्याने पन्नास उन्हाळे पाहिलेत, आता ते हलत नाही. जोडाला फेविकॉल चालतो पण जिथे कायमचा ताण आहे तिथे नाही, सतत ओढ आणि उष्णता असली की तो जोड हळूहळू सरकतो. ताण सगळा नटबोल्ट आणि लोखंडावर घे, तबली चिकटवायला सरस वापर, पुढे कधी उघडायची वेळ आली तर गरम पाण्याच्या फडक्याने सुटते. खुंट्या संतूरच्या घे, चावीने फिरणाऱ्या, स्वस्त पडतात आणि नीट धरतात.

राळेचं सांगायचं राहत होतं. उन्हाळ्यात राळ चिकट होते आणि चाकावर तिचे गोळे बसतात, ते गोळे म्हणजे पुन्हा तीच व्वांव-व्वांव. एप्रिल ते जून अगदी थोडी लाव आणि वाजवून झालं की कोरड्या सुती फडक्याने चाक पूस. थंडीत तीच राळ कोरडी पडते, तेव्हा जरा जास्त लागते. पावसाळ्यात ती लागल्यासारखीच वाटत नाही, कारण तारेवरचा कापूस ओला झालेला असतो, कापूस बदल.

मोटर की पाय, हे तू वाद्य कोणासाठी करतोस त्यावर आहे. रिगला मोटरच, कारण वेग स्थिर ठेवून बाकी गोष्टी तपासायच्यात. वाजवायच्या वाद्याला मी पाय म्हणेन. जुन्या पायाच्या शिलाई मशीनचा सांगाडा भंगारात मिळतो, त्यात पावडी, दांडा आणि जड चाक सगळं तयार असतं, ते जड चाकच तुझा वेग एकसारखा ठेवतं. आणि वाजवणाऱ्याला पायाने वेग हलवता आला की सम येताना आवाज उचलता येतो, तो फरक ऐकणाऱ्याला लगेच कळतो. मोटर ठेवायचीच असेल तर ती पेटीच्या बाहेर, वेगळ्या स्टँडवर, मऊ पट्ट्याने जोडलेली, नाही तर तबली तिचाच आवाज मोठा करून ऐकवते. बेअरिंगचंही तेच, बॉल बेअरिंग शांत खोलीत किरकिरतं, गनमेटलचे बुश लाव, थोडं तेल, खाली फेल्ट.

तर क्रम माझ्या मते असा : आधी एका तारेचं रिग आणि त्यावर दाब, वेग, अंतर यांचे आकडे, मग कमानीच्या घोडीवर १३ तारा आणि एक चाक, आणि हे सुरात राहतंय असं एक उन्हाळा आणि एक पावसाळा बघितल्यावर मोठ्याचा विचार. तुझं वर्ष तेरा तारांवर संपेल, आणि तेरा तारा नीट वाजल्या तर ते पूर्ण वाद्यच आहे, एका सप्तकात किती बंदिशी बसतात ते कुठल्याही पेटीवाल्याला विचार.

पट्ट्यांसाठी नव्याने काही बनवू नको. मोडीत निघालेल्या पेटीचा की-बोर्ड काढून घे, त्याच्या पट्ट्या, खालच्या स्प्रिंगा, सगळं बोटाच्या सवयीचं असतं, आणि पेटी दुरुस्त करणाऱ्यांच्या दुकानात असे सांगाडे पडलेले असतात, नीट बोललास तर थोडक्यात देतात. त्यातल्या स्प्रिंगा मात्र आपल्या कामाला जास्त कडक आहेत, मऊ बसवाव्या लागतील, नाही तर बोटाची सगळी ताकद स्प्रिंग दाबण्यातच जाते आणि तारेवरचा दाब कळतच नाही. आणि प्रत्येक तारेला फेल्टचा एक छोटा डँपर ठेव, पट्टी सोडली की तारेवर येऊन बसेल असा, कारण चाकापासून सुटलेली स्टीलची तार मागे बराच वेळ गुणगुणत राहते आणि द्रुत तानेत सगळे सूर एकमेकांत मिसळतात. डँपर तारेच्या मध्याच्या जवळ ठेवलास तर कमी दाबात काम होतं, फक्त बरोबर मध्यावर नको, तिथे दुसरा हार्मोनिक, म्हणजे त्याच तारेतला वरच्या सप्तकाचा सूर, तसाच वाजत राहतो, मध्यापासून दोन-तीन बोटं बाजूला घे.